कोरेल्लीच्या सोनाटात ऑर्गनने किती वाजवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही जर्मनीतल्या एका लहान गावात राहता आणि बरीच वर्षं पियानो शिकला आहात. व्हायोलिन वाजवणाऱ्या दोन मैत्रिणी आणि एक चेलोवादक यांच्याबरोबर गावातल्या चर्चमध्ये सतराव्या शतकातला इटालियन संगीतकार कोरेल्ली याच्या ओपस ३ मधला, म्हणजे तिसऱ्या छापील संग्रहातला, दुसरा सोनाटा, डी मेजरमधला, वाजवायचं ठरलं आहे आणि ऑर्गन तुमच्याकडे आला आहे. जुन्या छापील वहीची प्रत उघडली, तर त्यात खर्जाकडच्या स्वरांची एकच ओळ आणि तिच्यावर मधूनमधून आकडे. एका आधुनिक प्रतीत संपादकाने दोन्ही हातांना भरपूर काम लिहून दिलं आहे, पण ते वाजवलं की व्हायोलिनवाल्या म्हणतात, आम्हाला आमचंच ऐकू येत नाही. तेव्हा नेमकं वाजवायचं काय, आणि माणसं चार असताना याला ‘ट्रायो सोनाटा’, म्हणजे तिघांचा, का म्हणायचं?

मी गेली पंचवीस वर्षं बरोक, म्हणजे कोरेल्ली-बाखच्या काळातलं संगीत वाजवणाऱ्या वाद्यमेळांत ऑर्गनवर आणि हार्पसिकॉर्डवर (तारा छेडणारं जुनं कळफलकवाद्य) हीच साथ करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी चार माणसांचं बघू, कारण बाकीचं पुष्कळसं त्यातूनच सुटतं. ‘ट्रायो’मधले तीन म्हणजे तीन स्वतंत्र ओळी. वर दोन व्हायोलिनं, खाली बास, म्हणजे खर्जाची ओळ. बासची ओळ दोघं मिळून सांभाळतात. एक जण तो स्वर गजाने ओढतो, दुसरा त्याच स्वरावर वरचे सूर उभे करतो. कोरेल्लीचे पहिले बारा सोनाटे १६८१ मध्ये रोमला छापले गेले ते चार वेगवेगळ्या वह्यांत: पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, ‘व्हिओलोने किंवा आर्किल्यूट’ (गजाचं मोठं खर्जवाद्य किंवा लांब मानेचं छेडायचं तंतुवाद्य), आणि ऑर्गनसाठी बास. १६८९ च्या ओपस ३ ची रचनाही तशीच. १६८५ च्या ओपस २ मध्ये मात्र तीनच वह्या आहेत आणि बाससाठी ‘व्हिओलोने किंवा चेंबालो’, म्हणजे हार्पसिकॉर्ड, असं लिहिलं आहे. ते सोनाटे नाचांच्या चालींवरचे, दिवाणखान्यातले. तिथे एकाने भागतं. तुमच्या सोनाटात ऑर्गनला स्वतःची वही दिली आहे, म्हणजे तो कोरेल्लीला हवाच होता. (जर्मन संगीतकार बाखने पुढे अशाच तीन ओळी एकट्या ऑर्गनवादकाला दिल्या: दोन हातांना दोन, पायांना तिसरी. ते सहा सोनाटे फार अवघड आहेत, पण ‘ट्रायो’ म्हणजे ओळी, माणसं नव्हेत, हे त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.)

ओपस १ आणि ३ ला लोक ‘चर्च सोनाटा’ म्हणतात. कोरेल्लीने स्वतः त्यांना नुसतं ‘सोनाते आ त्रे’, म्हणजे तीन ओळींचे सोनाटे, म्हटलं होतं; चर्चचं नाव त्यात नाही. पण त्या काळी इटलीत मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) किंवा संध्याकाळच्या प्रार्थनेच्या मधल्या जागांत वाद्यसंगीत वाजवण्याची रीत होती, आणि ही रचना तिथे चपखल बसायची. गोव्यात फेस्ताच्या मिस्साला गायकवृंदाबरोबर व्हायोलिन ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना दगडी भिंतींमधला तो आवाज वेगळा सांगायला नको. सूर सुटतो, वर जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. हे संगीत लिहिणाऱ्याच्या कानात तीच जागा होती.

आता वरच्या दोन ओळींकडे या. ऑर्गनवर बसणाऱ्याने आधी त्या वाचाव्यात, स्वतःची ओळ नंतर. डी ला सा धरा, सगळे स्वर शुद्ध. कोरेल्ली दोन व्हायोलिनांना पुन्हापुन्हा एक खेळ देतो. पहिलं व्हायोलिन रे वर थांबलेलं आहे. दुसरं येऊन त्याच्या डोक्यावर ग धरतं. रे आणि ग एकदम वाजतात, घासतात. मग पहिलं नमतं घेतं आणि सा वर उतरतं, सा-ग जुळतात. पण लगेच तेच पहिलं झेप घेऊन म वर जातं आणि आता ग ला घासतं. हे अर्ध्या स्वराचं घासणं, फार तीक्ष्ण. दुसरं रे वर उतरतं. मग ते दुसरं प वर झेपावतं, पहिलं म वरून ग वर येतं. असं चालूच राहतं. प्रत्येक व्हायोलिन बिचारं एक पायरी खाली येतंय, आणि दोघांचं मिळून बांधकाम मात्र वर वर चढतंय: ग, म, प, ध. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर पाय ठेवून भिंत चढावी तसं.

धरून ठेवलेल्या त्या स्वराला सस्पेन्शन म्हणतात. त्याची जागा ठरलेली: घर्षण ठोक्यावर, सुटका ठोक्यानंतर. कोरेल्लीच्या संथ भागांत बाकी विशेष काही घडत नाही. खाली बास एकसारख्या पावलांनी चालत असतो, तुमच्या सोनाटाच्या ग्रेवमध्ये, म्हणजे पहिल्या संथ भागात, तो तसाच चालतो, आणि वर हे धरणं-सोडणं. कागदावर पाहिलं तर वाटतं, एवढंच? पियानोवर दोन हातांनी वाजवून पाहिलं तरी तसंच वाटेल, कारण पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून विरत जातो. घर्षणाची वेळ येईपर्यंत धरलेला स्वर निम्मा झालेला असतो. गजावर नेमकं उलट होतं. धरलेला स्वर वाढवता येतो, घासतानाच तो सगळ्यांत भरलेला असू शकतो. हे संगीत तारवाद्यांसाठीच का, त्याचं कारण इथे आहे.

म्हणून माझं म्हणणं एकच: या सोनाटातलं सगळं घर्षण व्हायोलिनांचं आहे. ऑर्गनचं काम ते ऐकू येईल अशी जमीन धरणं. संपादकाने लिहिलेला दोन हातांचा मजकूर वाजवल्यावर मैत्रिणींची तक्रार आली, ती बरोबर आहे.

आता आकडे. पियानोवाल्याला हे दोन आठवड्यांत जमतं, घाबरू नका. आकडा म्हणजे बासच्या स्वरापासून मोजलेलं अंतर. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा घ्यायचा: डी वर एफ शार्प आणि ए. सहा लिहिलं असेल तर तिसरा आणि सहावा: सी शार्पवर ई आणि ए. नुसतं शार्पचं चिन्ह असेल तर तिसरा स्वर चढवायचा. चार आणि मग तीन असं असेल तर आधी चौथा धरून मग तिसऱ्यावर उतरायचं: ए वर आधी डी, मग सी शार्प. सात-सहा तसंच. चारखाली दोन असेल, तर धरून ठेवलेला स्वर बासमध्येच आहे आणि वरच्यांनी त्याला ढकललं आहे. तेव्हा तुम्हालाच पुढे पायरी उतरायची आहे. एवढ्यावर ओपस ३ चा मोठा भाग निघतो.

पण आकडे हे ‘हे सगळे स्वर वाजवा’ असं फर्मान नाही. ‘या क्षणी हवेत हे स्वर आहेत’ अशी ती नोंद आहे. चार-तीन लिहिलंय याचा अर्थ बहुतेक वेळा असा की कुठलं तरी व्हायोलिन तो चौथा धरून बसलं आहे. नव्या साथीदाराकडून सर्वांत मोठी चूक इथेच होते. ए चा बास दिसला की बोटं सवयीने ए-सी शार्प-ई वर पडतात, आणि वर व्हायोलिन डी धरून आहे. ज्या सी शार्पवर तिला उतरायचं आहे तो तुम्ही आधीच वाजवून टाकलात. ऐकणाऱ्याला काहीतरी मळकट वाटतं, आणि ती उतरते तेव्हा त्यात काही उरलेलं नसतं. माझ्या शिक्षिकेने मला पहिला महिनाभर उजवा हात मांडीवर ठेवायला लावला होता. डाव्या हाताने बास वाजवायचा आणि व्हायोलिन जिथे घासतात तिथे तोंडाने आकडा म्हणायचा: ‘चार... तीन.’ ‘सात... सहा.’ महिन्याने उजवा हात वर आला तेव्हा कुठे पडू नये हे त्याला कळलेलं होतं. तुम्हीही चार दिवस करून पाहा.

मग उजव्या हाताने वाजवायचं काय? माझी सवय सांगतो. जिथे सस्पेन्शन आहे तिथे मी तिसरा आणि चौथा दोन्ही सोडतो, फक्त मूळ स्वर आणि पाचवा धरतो. ए आणि ई. डी आणि सी शार्प व्हायोलिनकडे राहू देतो. जिथे दोन्ही व्हायोलिनं एकमेकांत गुंतली आहेत तिथे कधी नुसता बास आणि एक स्वर. जिथे व्हायोलिनं गप्प होतात किंवा वाक्य संपतं तिथे तीन स्वर. हात मधल्या सी च्या आसपास, व्हायोलिनच्या खाली ठेवायचा. सिएनात १६०७ साली आगाझारी या इटालियन संगीतकाराने साथीवर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्याने वरच्या आवाजाचे स्वर शक्यतो पुन्हा वाजवू नयेत असं बजावलं आहे. एकच स्वर ऑर्गनच्या नळीतून आणि गायकाच्या गळ्यातून एकदम आला, की गळ्यातलं बारीक काम नळी खाऊन टाकते. आपल्याकडे चांगला पेटीवाला ख्यालात काय करतो ते आठवा. गायिका गंधारावर आंदोलन देत असताना तो गंधाराची पट्टी दाबून बसत नाही.

याचा अर्थ भित्रेपणाने वाजवायचं असा मात्र नाही. बास ठाम हवा. व्हायोलिनं घासतात ती कुणाच्या तरी आधारावर घासतात. बास डळमळला तर ते घर्षण चूक वाटायला लागतं. कमी स्वर, पण प्रत्येक स्वर वेळेवर आणि पूर्ण लांबीचा.

लांबीवरून कोरेल्लीचीच एक गोष्ट. १६८५ मध्ये बोलोन्यातल्या संगीतकारांनी ओपस २ मधल्या तिसऱ्या सोनाटाच्या आलेमांडावर (नाचाच्या चालीवरच्या एका भागावर) बोट ठेवलं: व्हायोलिन आणि बास यांच्यात लागोपाठ पंचमाचंच अंतर पडतं, हे नियमाविरुद्ध आहे. कोरेल्ली चिडला. त्याने उत्तर पाठवलं, त्यातला एक मुद्दा असा, की जिथे मी विराम लिहिला आहे तिथे त्याऐवजी आधीच्या स्वराला टिंब देऊन तो लांबवला असता तर तुमची हरकत राहिली नसती. पण मला तो स्वर सुटा हवा होता, तसा तो जास्त छान वाटतो. नियमाचा वाद बाजूला ठेवू. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका अर्ध्या क्षणाचा विराम त्याने ऐकून लिहिला होता. ऑर्गनवर तुमच्याकडे जोर नाही, हळू नाही, पेडल दाबून सूर तरंगत ठेवणं नाही. पट्टी हलकी दाबा की जोरात, नळीला फरक पडत नाही. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: स्वर कधी सुरू होतो आणि कधी संपतो. पियानोवर संपणं आपोआप होतं, म्हणून तिकडे लक्ष जात नाही. इथे प्रत्येक स्वर सोडणं हे एक काम आहे. चालत्या बासमध्ये कमी महत्त्वाच्या ठोक्यावरचा स्वर किंचित लवकर सोडा, महत्त्वाच्या ठोक्याआधी बारीक फट ठेवा. एवढ्याने ऐकणाऱ्याला जोर दिल्यासारखा वाटतो. ज्या सस्पेन्शनला सगळ्यांत जास्त घासायचं आहे, त्याच्याआधी थोडी जास्त फट.

कुठला आवाज खेचायचा, म्हणजे नळ्यांचा कुठला संच चालू करायचा, हे चर्चमधला ऑर्गन कसा आहे त्यावर आहे. (संचांची नावं नळीच्या लांबीवरून: ८ फुटी म्हणजे लिहिलेलाच स्वर, ४ फुटी सप्तकभर वर, १६ फुटी सप्तकभर खाली.) त्या काळच्या इटालियन ऑर्गनला बहुधा एकच कळफलक असे आणि साथीला ८ फुटी ‘प्रिन्चिपाले’ पुरे होत असे. तुमच्याकडे लाकडी, झाकलेल्या नळ्यांचा ८ फुटी आवाज असेल, जर्मनीत त्याला गेडाक्ट म्हणतात, तर तो घ्या. जलद भागाला हवा असेल तर ४ फुटी बासरी जोडा. १६ फुटी नको, पायाचा कळफलक नको. चेलो आहेच. आणि ऑर्गन वरच्या सज्जात असेल तर बाकीच्यांनाही वर बोलवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीस मीटर अंतर म्हणजे सेकंदाचा सतरावा भाग उशीर, आणि परत येतानाही तेवढाच. ग्रेवमध्ये निभावेल, जलद अलेग्रोत नाही.

आता सुराचा प्रश्न. तो तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच.

चांगला लावलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. कुणी वाजवलेला नसतो, आपोआप उगवतो. तो गंधार आणि पेटीचा गंधार यांत फरक आहे. पेटीवर, तुमच्या पियानोवर, बहुतेक आधुनिक ऑर्गनांवर तो सुमारे १४ सेंट चढा असतो, अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट धरले तर. कोरेल्लीच्या काळचे ऑर्गन साधारणपणे मीनटोन पद्धतीने लावलेले असत. प्रत्येक पंचम किंचित उतरवायचा, साडेपाच सेंटच्या आसपास, आणि त्या बदल्यात गंधार तंबोऱ्यासारखे मिळवायचे. अशा ऑर्गनवर डी-एफ शार्प-ए धरलं की ते तिन्ही एकात एक विरघळतात. आणि म्हणूनच घर्षण जास्त टोचतं, कारण सुटकेच्या वेळी खरोखर शांत होतं. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या पेटी-पियानोच्या पट्ट्यांवर सुटकाही थोडी खरखरीतच असते.

पण मीनटोनला किंमत आहे. काळी पट्टी एका वेळी एकच स्वर असू शकते. बी फ्लॅट म्हणून लावलेली पट्टी ए शार्प म्हणून चालत नाही, दोहोंत ४१ सेंटचा फरक पडतो. आणि डी मेजरमधला सोनाटा केव्हा ना केव्हा बी मायनरकडे वळतोच. तिथे एफ शार्पच्या बासवर ए शार्प हवा असतो. मीनटोन ऑर्गनवर ती पट्टी दाबली तर सगळं चर्च दचकेल. उपाय साधा: दाबू नका. तो स्वर व्हायोलिनकडे बहुतेक असतोच. तुम्ही फक्त एफ शार्प आणि सी शार्प धरा.

आणि हाच उपाय तुमच्या आधुनिक ऑर्गनलाही लागू आहे, उलट्या कारणाने. शेवटच्या जुळणीत, म्हणजे शेवटी एकत्र धरलेल्या स्वरांत, डी वर थांबताना, एफ शार्प तुमच्या हातात घेऊ नका. व्हायोलिनवालीला सांगा, तुझं बोट एक केस मागे घे, तंबोऱ्याच्या गंधारावर ठेव. तुमची पट्टी मध्ये नसली की तिला कुणाशी भांडावं लागत नाही. तुमच्या मैत्रिणी जर्मन असतील तर तंबोऱ्याचं उदाहरण चालणार नाही. त्यांना चेलोची डी तार मोकळी ओढायला सांगा आणि त्यावर एफ शार्प धरून गुंजन थांबेपर्यंत बोट सरकवायला सांगा. आमच्याकडे ज्यांचे कान तंबोऱ्याजवळ वाढले, त्यांना ही गोष्ट पहिल्या दिवशी कळते. इथल्या वाद्यशाळेतून आलेल्या फार गुणी मुलांनाही कधीकधी दोन वर्षं लागतात. तुमच्याजवळ हा कान असेल तर तो तालमीत वापरा, संकोच करू नका.

स्वराची पट्टी किती, हे मनावर घेऊ नका. रोममध्ये तेव्हा ए आजच्यापेक्षा बराच खाली, सेकंदाला साधारण ३९२ कंपनांच्या आसपास असे. आज बरोक वाद्यांसाठी ४१५ ही सोयीची तडजोड सर्वत्र चालते. तुमच्या चर्चचा ऑर्गन ४४० असेल तर ४४० वर वाजवा. ऑर्गन हलत नाही, तारांनी त्याच्याकडे यायचं. मात्र हवेकडे लक्ष ठेवा. अशाच एका सोनाटाच्या वेळी आम्ही दुपारी गार चर्चमध्ये तास घालवून सूर जुळवले. संध्याकाळी तापवणी सुरू झाली, माणसं भरली, हवा सहा-सात अंशांनी तापली. नळ्यांचा सूर एका अंशाला साधारण तीन सेंट चढतो, म्हणजे ऑर्गन अर्ध्या स्वराच्या पाचव्या भागाएवढा वर गेला. आतड्याच्या तारा मात्र खाली आल्या. पहिल्या ग्रेवच्या दुसऱ्या ओळीतच सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तेव्हापासून माझा नियम असा: तालीम त्याच तापमानाला करायची, आणि वाजवण्याआधी ए बरोबर डी आणि जी सुद्धा ऑर्गनवरून द्यायचे, एकच ए देऊन थांबायचं नाही.

चेलोवाल्याबद्दल थोडं. ‘व्हिओलोने’ हे नाव वाचून कुणी डबल बास आणायला सुचवलं तर नको म्हणा. कोरेल्लीच्या रोममध्ये तो शब्द चेलोच्याच सप्तकातल्या मोठ्या वाद्याला वापरत, असं आज बहुतेक जाणकार मानतात. दुसरं, दोन्ही बासवह्या काही जागी एकसारख्या नाहीत. चेलो धावतो आणि ऑर्गन त्यातले मुख्य स्वर तेवढे घेतो. आधुनिक प्रतीत कधी दोन्ही एकाच ओळीत कोंबलेले असतात. जुन्या वह्यांच्या प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यात दोन्ही शेजारी ठेवून एकदा मिळवून घ्या. चेलो धावताना तुम्हीही धावलात तर प्रतिध्वनीत चिखल होतो.

जलद भागांत एक मोह टाळायचा. कोरेल्लीच्या अलेग्रोत विषय एका व्हायोलिनने सुरू होतो, दुसरं तोच घेऊन येतं, मग बास. बास येईपर्यंत तुमच्या वहीत विराम असेल तर तो खरा विराम आहे, तो स्वरसमूहांनी भरू नका. आणि बास विषय घेऊन येतो तेव्हा पहिल्या दोन मात्रा एकच ओळ वाजवा, वर काही नको. तिसरा गडी मैदानात आला हे लोकांना कळू द्या. या विषयांत केवढी ताकद आहे ते बाखने ओळखलं होतं. ओपस ३ मधल्या चौथ्या सोनाटातले विषय घेऊन त्याने ऑर्गनसाठी बी मायनरमधला फ्यूग (एकच विषय एकामागून एक आवाजांत फिरवणारी रचना) लिहिला, तीन आवाजांचे चार केले. सराव म्हणून तो ऐका. बाख जिथे चौथा आवाज घालतो तिथे कोरेल्लीने काय मोकळं सोडलं होतं, हे लक्षात येतं.

मधला अडाजिओ, म्हणजे दुसरा संथ भाग, तीन मोठ्या मात्रांचा आहे. तिथे वाक्य संपताना तीन-तीनच्या दोन आवर्तनांची एकदम दोन-दोन-दोन होते. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा कुणी दोन-दोनने म्हटल्या तर जसं वाटेल तसं. लिपीत हे दाखवलेलं नसतं. आवर्तनाची रेघ जिथे आहे तिथेच असते, पण बोल बदललेला असतो. व्हायोलिनवाल्या तीनमध्ये आणि तुम्ही दोनमध्ये असलात तर ती जागा लंगडते. चौघांनी मिळून पेन्सिलीने अशा जागांवर खुणा करा.

व्हायोलिनवाल्यांना मी फार सांगणार नाही, ते त्यांचं क्षेत्र. कंपनाबद्दल मात्र त्यांचं-तुमचं बोलणं होईल. ‘बरोकमध्ये व्हायब्राटो नाही’ असं सरसकट सांगणारे भेटतात, ते खरं नाही. कोरेल्लीचा शिष्य जेमिनियानी १७५१ मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकात ते वारंवार वापरायला सांगतो. पण तुमच्या नळीचा सूर सरळ आहे. घासणाऱ्या दोन स्वरांपैकी एक रुंद हलायला लागला तर घर्षणाची धार जाते. मी एवढंच मागतो, की सस्पेन्शन धरलेला स्वर सरळ सुरू करा, गजाने भरत न्या, आणि कंपन हवं असेल तर सुटकेनंतर. अलंकारांचंही तसंच. ओपस ५ च्या एकल सोनाटांची १७१० ची अॅमस्टरडॅमची आवृत्ती पाहिली तर संथ भागांत फुलांचा सडा आहे. तिथे एकटं व्हायोलिन होतं. इथे दुसरी त्याच उंचीवर तिच्यात गुंतलेली आहे. एकीने सडा घातला तर दुसरीची पायरी दिसत नाही. दुसऱ्यांदा वाजवताना, ठरवून, एकेक जागा.

पहिल्या तालमीला तुम्ही आणि चेलोवाला गप्प बसा. दोघींना ग्रेव नुसता वाजवू द्या, अर्ध्या लयीत, आणि प्रत्येक घर्षणावर थांबायला सांगा. मग चेलो. मग तुम्ही, फक्त डावा हात. उजवा हात शेवटी, आणि दर दोन आवर्तनांनी एकीला विचारा, ‘आत्ता स्वतःला ऐकलंस का?’ ती नाही म्हणाली की एक स्वर काढून टाका. मी आजही नव्या मंडळींबरोबर असंच करतो, आणि दर वेळी शेवटी माझ्या उजव्या हातात सुरुवातीला वाटलं होतं त्याच्या निम्मेच स्वर उरतात.

आणि अगदी शेवटची जुळणी. गज संपत येतो तसा तारांचा सूर बारीक होतो. ऑर्गनचा होत नाही, तो होता तेवढाच उभा राहतो. त्यामुळे तुम्ही मोजून धरलंत तर शेवटी एकटा ऑर्गनच उरतो. कागदाकडे बघू नका. पहिल्या व्हायोलिनच्या गजाच्या टोकाकडे बघा. तो तारेवरून सुटायच्या किंचित आधी उजवा हात उचला, मग गजाबरोबर डावा. राहिलेलं चर्चच्या छताकडून येईल.